शनिवारवाड्यातल्या जावा

२३ जून १७६१ रोजी नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीवर देह ठेवला. पानिपताला अजून सहा महिनेही झाले नव्हते. थोरला मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवराव हे दोघे जानेवारीतच गेले होते. मागे राहिले सोळा वर्षांचे माधवराव आणि सहावं वर्ष संपत आलेले नारायणराव हे दोन मुलगे, आणि नानासाहेबांचे सव्वीस वर्षांचे धाकटे भाऊ रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा. पेशवाईचा हिशोब मांडताना पुरुषांची ही तीन नावं सगळेच घेतात. वाड्यात त्या दिवशी कोणकोण बायका होत्या, याची मोजदाद सहसा कुणी करत नाही.

ती करून पाहावी. थोरली जाऊ गोपिकाबाई, वाईच्या सावकार रास्त्यांची लेक, वयाची पस्तिशी ओलांडलेली. नवरा आणि कर्ता मुलगा सहा महिन्यांच्या आत गमावलेली. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पानिपताहून जीव वाचवून परतलेल्या. नवरा मेला हे मान्य करायला त्या तयार नव्हत्या आणि पुढेही कधी झाल्या नाहीत. कुंकू लावूनच त्या वाड्यात वावरल्या. तिसरी राधाबाई, जेमतेम नऊ-दहा वर्षांची. नानासाहेबांनी डिसेंबर १७६० मध्ये पैठणला हे दुसरं लग्न केलं, तेव्हा त्यांचं सैन्य पानिपतावर उपाशी बसलं होतं. आणि चौथ्या आनंदीबाई, राघोबादादांच्या दुसऱ्या पत्नी, कोकणातल्या गुहागरजवळच्या मळण गावच्या ओकांकडच्या. पहिल्या पत्नी जानकीबाई वारल्यावर दादांचं हे लग्न झालं होतं.

या चौघींपैकी गोपिकाबाई आणि आनंदीबाई या दोघींचं पटलं नाही, आणि त्यातून पेशवाई बुडाली, असं पुण्यात पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं. गोष्ट सोपी आहे, म्हणूनच तिच्याकडे जरा सावधपणे पाहायला हवं.

घर आणि राज्य एकाच छपराखाली असलं की स्वयंपाकघरातली कुरबुर दिवाणखान्यात पोचते. शनिवारवाड्यात तेच होतं. पण भांडण मिटवणारी माणसंही तिथे होती, आणि ती एकामागून एक गेली. १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज वारले. तोवर पेशवाईची वस्त्रं कुणाला मिळायची हे छत्रपती ठरवत. १७४० मध्ये बाजीराव गेल्यावर नानासाहेबांना वस्त्रं मिळाली ती शाहूंच्या हातून. शाहूंमागे साताऱ्याच्या गादीकडे मान राहिला, निवाड्याचा अधिकार राहिला नाही. घरातला निवाडा करणाऱ्या आजी राधाबाई, बाजीरावांच्या आई, १७५३ मध्ये गेल्या. बाजीरावांच्या पत्नी काशीबाई १७५८ मध्ये गेल्या. म्हणजे पानिपतापूर्वीच वाड्यात अशी कुणी वडीलधारी उरली नव्हती, जी दोन सुनांना समोरासमोर बसवून गप्प करील. त्यात पेशवाईचा वारसा भावाकडे जावा की मुलाकडे, याचा पक्का नियम कुठेच लिहिलेला नव्हता. अशा घरात बाईची पत नवऱ्यावर ठरते आणि नवऱ्यामागे मुलावर.

गोपिकाबाईंना हे फार लवकर कळलं होतं. १७५० मध्ये सदाशिवरावभाऊंनी कारभारीपद मागितलं आणि ते मिळेना तेव्हा कोल्हापूरची पेशवाई पत्करण्याची धमकी दिली. नानासाहेबांनी नमतं घेतलं, आधीचे कारभारी महादोबा पुरंदरे बाजूला झाले आणि भाऊ कारभारी झाले. भाऊ कर्तबगार होते, हिशोबाचे पक्के होते, आणि विश्वासरावांहून बारा वर्षांनी मोठे होते. उद्या नानासाहेबांना काही झालं तर पेशवाई आपल्या मुलाकडे येईल की चुलतदिराकडे, हा प्रश्न कुठल्याही आईला पडला असता. १७६० मध्ये उत्तरेच्या मोहिमेवर भाऊंबरोबर सतरा-अठरा वर्षांच्या विश्वासरावांना नावाचे सेनापती करून पाठवलं गेलं. पेशव्याचा मुलगा फौजेबरोबर असावा ही रीतच होती; पण विजयाचं श्रेय एकट्या भाऊंना मिळू नये म्हणून गोपिकाबाईंनी आग्रह धरला, असंही बखरींच्या परंपरेत सांगितलं जातं. ते खरं असेल तर त्या आग्रहाची किंमत त्यांनी कुणाहीपेक्षा जास्त मोजली.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. गोपिकाबाईंचा पहिला संघर्ष आनंदीबाईंशी नव्हताच. तो आधी चुलतदिराशी झाला आणि १७६१ नंतर सख्ख्या दिराशी. आनंदीबाई त्या वेळी पोरवयाच्या होत्या. त्या काळी मुलींची लग्नं आठव्या-दहाव्या वर्षी होत. दादांच्या पहिल्या बंडाचं खापर त्यांच्या डोक्यावर फोडायचं म्हणजे शाळकरी वयाच्या मुलीला राजकारणाची सूत्रधार मानावं लागेल. नाटकवाल्यांना ते चालतं.

जुलै १७६१ मध्ये माधवरावांना वस्त्रं मिळाली आणि दादा कारभार पाहू लागले. लगेच दोन बाजू पडल्या. दादांकडे सखारामबापू बोकील, माधवरावांकडे त्र्यंबकराव पेठे, गोपाळराव पटवर्धन आणि गोपिकाबाईंचे माहेरचे रास्ते. अटकेपर्यंत घोडी नेलेल्या माणसाने सोळा वर्षांच्या पुतण्यापुढे आणि त्याच्या मागे बसलेल्या वहिनीपुढे मान तुकवायची, हे दादांना जड गेलं. बरं, अटकेहून ते कीर्ती घेऊन आले तसे ऐंशी लाखांचं कर्जही घेऊन आले होते, आणि ती गोष्ट वाड्यात कुणी विसरू दिली नव्हती. १७६२ च्या पावसाळ्यात दादा रुसून पुण्याबाहेर पडले, फौज जमवली आणि निजामाचीही मदत घेतली. नोव्हेंबरात घोडनदीच्या बाजूला काका-पुतण्याच्या फौजा भिडल्या. आळेगावला माधवराव लढाई थांबवून सरळ काकांच्या छावणीत गेले आणि त्यांच्या स्वाधीन झाले. सतरा वर्षांच्या मुलाची ही चाल मला त्यांच्या पुढच्या सगळ्या विजयांहून मोठी वाटते. त्यांनी राज्य फुटू दिलं नाही.

दादांनी मात्र जिंकलेली बाजी वाया घालवली. पटवर्धनांची मिरज काढून घेतली, जुनी माणसं दुखावली. ती दुखावलेली माणसं निजामाला जाऊन मिळाली आणि १७६३ च्या उन्हाळ्यात निजाम अलीने पुणं लुटलं आणि जाळलं. पेशव्यांचा कुटुंबकबिला सिंहगडावर गेला. १० ऑगस्टला राक्षसभुवनावर माधवरावांनी निजामाचा पुरता पराभव केला आणि तेव्हापासून कारभाराची दोरी खऱ्या अर्थाने त्यांच्या हातात आली.

आईलाही त्यांनी कारभारातून दूर केलं. रास्त्यांकडून काही कसूर झाली, माधवरावांनी मामांना दंड केला, गोपिकाबाईंनी रदबदली केली, मुलाने ऐकलं नाही, आणि त्या पुणं सोडून नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या, असं सांगतात. कारण हेच असो वा दुसरं, त्या गेल्या आणि पुन्हा पुण्यात नांदल्या नाहीत. त्यांच्या माहेरचं नाव मात्र पुण्यात कायमचं राहिलं. आजची रास्ता पेठ ती त्याच रास्त्यांची.

जुन्या करारात उत्पत्तीच्या पुस्तकात बायकांच्या हेव्याने पोखरलेल्या अशाच एका घराची हकिकत आहे. याकोबाला धाकटी राहेल हवी होती. सासरा लाबानाने लग्नाच्या रात्री थोरली लेआ गळ्यात बांधली आणि राहेलसाठी आणखी सात वर्षं राबवून घेतलं. दोघी सख्ख्या बहिणी, एकाच नवऱ्याच्या बायका. लेआवर नवऱ्याचा जीव नाही, पण तिला मुलांमागून मुलं होतात. राहेलवर जीव आहे, पण तिची कूस रिकामी. मग राहेल आपली दासी पुढे करते, लेआही आपली दासी पुढे करते, आणि मुलांच्या नावांतूनसुद्धा एकमेकींना टोमणे मारले जातात. शेवटी राहेललाही योसेफ होतो, आणि दुसऱ्या बाळंतपणात ती वाटेतच मरते. आयांचं वैर पुढे मुलांत उतरतं: लेआचे आणि दासींचे मुलगे योसेफाला खड्ड्यात टाकतात आणि व्यापाऱ्यांना विकतात. त्या कथेत एक गोष्ट नेमकी टिपली आहे. दोघींच्या हेव्याच्या मुळाशी बापाने केलेला व्यवहार आहे, आणि तो बाप शेवटपर्यंत नामानिराळा राहतो.

शनिवारवाड्यात जावा होत्या, बहिणी नव्हत्या. नवरे वेगळे होते. पण मुलगा हेच चलन असलेला बाजार तोच होता. गोपिकाबाईंना मुलगे होते. आनंदीबाईंना वारस जगत नव्हता. १७६८ च्या एप्रिलात दादांनी भुस्कुटे घराण्यातला मुलगा दत्तक घेतला, तोच अमृतराव. कुणी म्हणेल, निपुत्रिक माणसाने दत्तक घेतला त्यात काय झालं? झालं ते असं की, त्याआधी दादा राज्याची निम्मी वाटणी मागत होते. १७६७ मध्ये माधवराव त्यांना भेटायला नाशिकजवळच्या आनंदवल्लीला जाऊन आले होते. काका असेतोवरचा हट्ट एक, आणि काकांच्या मागे वाटणी मागणारा वारस असणं ही वेगळीच गोष्ट. जून १७६८ मध्ये धोडपच्या किल्ल्यापाशी माधवरावांनी काकांचा पराभव केला आणि त्यांना पुण्यात आणून वाड्यातच नजरकैदेत ठेवलं. ज्या वाड्यात मानाने राहायचं, तिथेच कैद्याची बायको म्हणून राहणं आनंदीबाईंच्या वाट्याला आलं. त्यांच्या मनात हेवा साचला असेल तर या चार वर्षांत, असं मला वाटतं.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने माधवराव गेले. वय सत्तावीस, मूलबाळ नाही. पत्नी रमाबाई सती गेल्या. मरण्यापूर्वी त्यांनी काकांचा आणि नारायणरावांचा समेट घडवून आणला होता. तो टिकला नाही. नारायणराव सतरा वर्षांचे, तापट, सल्ला घ्यायला मोठा भाऊ नाही आणि आई दीडशे-दोनशे किलोमीटरवर गंगापूरला. दादांवरचा पहारा सैल होई, पुन्हा आवळला जाई. दादांनी पळून जायचे प्रयत्न केले, ते फसले. वाड्याच्या आत दोन घरं झाली होती.

३० ऑगस्ट १७७३. भाद्रपदातले गणपतीचे दिवस. कटाची कुणकुण हरिपंत फडक्यांच्या कानावर गेली होती, पण बंदोबस्त व्हायच्या आत दुपारी सुमेरसिंग, महंमद इसफ आणि खरगसिंग यांचे गारदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, पगाराच्या थकबाकीचं निमित्त करून वाड्यात घुसले. नारायणराव काकांच्या महालाकडे धावले, त्यांना मिठी मारली. तुळाजी पवार नावाच्या नोकराने त्यांना ओढलं आणि गारद्यांनी तलवारी चालवल्या. चापाजी टिळेकर या सेवकाने धन्याच्या अंगावर झेप घेऊन त्यांना झाकलं. तोही तिथेच कापला गेला. पेशव्यांचं प्रेत वाड्याच्या ज्या दरवाजातून बाहेर नेलं, त्याला लोक नारायण दरवाजा म्हणू लागले. नारायण पेठेत त्यांचंच नाव आहे.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, दादांना दोषी ठरवलं, देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरा मार्ग नाही असं तोंडावर सांगितलं आणि ते पुणं सोडून गेले. गारद्यांना दिलेला हुकूम धरण्याचा होता आणि त्यातलं एक अक्षर बदलून तो मारण्याचा केला गेला, ही गोष्ट ग्रँट डफने १८२६ मध्ये छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात आहे. ते अक्षर आनंदीबाईंनी बदललं असा सर्वसाधारण समज असल्याचंही त्याने लिहिलं. खुनानंतर अर्धशतक उलटून गेल्यावर एका ब्रिटिश अधिकाऱ्याने नोंदवलेला हा समज, आणि त्यावर मराठी माणसाने कायमचा निवाडा देऊन टाकला. १९०९ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’ रंगभूमीवर आलं आणि आनंदीबाईंची खलनायिका पक्की झाली. गोपिकाबाईंना लोक आजही अहोजाहो करतात, आनंदीला अगंतुगं.

आनंदीबाई निर्दोष होत्या असं माझं म्हणणं नाही. त्यांना कटाची खबर नसेल हे मानणं कठीण आहे; त्या नवऱ्याच्या राजकारणात पुरत्या सामील असत. पण गारद्यांशी बोलणी करणारे, पैसे आणि किल्ले कबूल करणारे, आणि खुनानंतर अमृतरावाला साताऱ्याला पाठवून पेशवाईची वस्त्रं आणवणारे दादा होते. त्यांना मात्र भोळा, बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणून निम्मी माफी मिळाली. लाबान इथेही सुटलाच.

दादांचा हिशोब एका गोष्टीने चुकला. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. दादा मोहिमेवर गेले आणि मागे नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत वगैरे मंडळींनी बारभाईंचं कारस्थान उभं केलं. जानेवारी १७७४ मध्ये गंगाबाईंना पुरंदरावर नेलं. सोबत पार्वतीबाई होत्या. कोवळ्या वयाच्या एका विधवेच्या पोटाकडे साऱ्या दौलतीचं लक्ष लागलेलं. मुलगी झाली तर? गडावर आणखी गरोदर बायका नेऊन ठेवल्याची अफवा तेव्हा उठली होती आणि ग्रँट डफनेही ती नोंदवली आहे. १८ एप्रिलला मुलगा झाला, सवाई माधवराव, आणि चाळीस दिवसांच्या त्या पोराला पेशवाईची वस्त्रं मिळाली.

इकडे पळापळीत दादांनी आनंदीबाईंना माळव्यात धारच्या किल्ल्यात ठेवलं आणि स्वतः गुजरातेत इंग्रजांकडे गेले. आनंदीबाईही गरोदर होत्या. १० जानेवारी १७७५ रोजी धारला त्यांना मुलगा झाला, दुसरे बाजीराव. पुरंदर आणि धार, दोन किल्ल्यांत दोन बाळंतपणं, मध्ये नऊ महिनेसुद्धा नाहीत. दादांना हयात मुलगा झाला तो असा, गादी हातची गेल्यानंतर.

मार्च १७७५ मध्ये दादांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला आणि घरातलं भांडण कंपनी सरकारच्या दारात नेऊन ठेवलं. त्यातून सात वर्षांचं युद्ध झालं. १७७९ मध्ये दादांना पुण्याच्या गादीवर बसवायला निघालेल्या इंग्रज फौजेला वडगावला शरण यावं लागलं, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने दादांचा आधार संपला. ते कोपरगावला येऊन राहिले आणि डिसेंबर १७८३ मध्ये वारले. आनंदीबाई तेव्हाही गरोदर होत्या. पुढच्या वर्षी चिमाजी अप्पा जन्मला, बापाचं तोंड न पाहता.

गोपिकाबाईंनी तीन कर्ते मुलगे गमावले: एक लढाईत, एक क्षयाने, एक घरातल्याच माणसांच्या हातून. व्रतस्थ राहून त्यांनी उरलेलं आयुष्य नाशिकच्या परिसरात काढलं. तरी दौलतीची काळजी सुटली नव्हती. नातवाने केव्हा उठावं, काय वाचावं, कुणाशी कसं वागावं, याचा उपदेश त्यांनी पत्राने लिहून पाठवला आहे. आजीच्या मायेपेक्षा कारभाऱ्याची शिस्त त्यात जास्त दिसते. १७८८ मध्ये त्या वारल्या. आनंदीबाईंना कोपरगावहून १७९३ मध्ये आनंदवल्लीला आणलं गेलं, गंगापूरपासून गोदाकाठाने हाकेच्या अंतरावर. पण तोवर थोरली जाऊ जाऊन पाच वर्षं झाली होती. १७९४ मध्ये आनंदीबाईही गेल्या. मुलांवर पहारा होता आणि तो आईच्या मरणापर्यंत उठला नाही.

त्या मुलांना मग जुन्नरला, शिवनेरीवर ठेवलं. पुण्यात एकवीस वर्षांचे सवाई माधवराव नाना फडणीसांच्या धाकात, शिवनेरीवर वीस वर्षांचे बाजीराव कैदेत. या चुलत काका-पुतण्यांनी १७९५ मध्ये चोरून पत्रव्यवहार सुरू केला. आपण दोघे सारखेच बंदीत आहोत, असा त्याचा सूर होता. आयांचं आणि आज्यांचं वैर या दोघांना नको होतं. नानांना मात्र ते विसरणं परवडणारं नव्हतं. पत्रं पकडली गेली, पहारे कडक झाले. ऑक्टोबरात सवाई माधवराव वाड्याच्या सज्जातून खाली पडले आणि दोन दिवसांनी गेले.

गोपिकाबाईंचा वंश तिथे संपला. गादीला वारस उरले ते फक्त आनंदीबाईंचे मुलगे, आणि त्यांचंही आपसांत जमलं नाही. बाजीराव नको म्हणून कारभाऱ्यांनी १७९६ मध्ये धाकट्या चिमाजी अप्पाला सवाई माधवरावांच्या विधवेच्या मांडीवर दत्तक देऊन पेशवा केलं. काही महिन्यांतच ते उलटलं आणि डिसेंबरात बाजीराव गादीवर आले. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला बाजीरावांचा पराभव केला आणि अमृतरावांना पुण्यात बोलावून त्यांच्या मुलाला पेशवा करायचा घाट घातला. बाजीराव वसईला जाऊन कंपनीच्या तहावर सही करून आले. अमृतरावांनीही कंपनीशीच वेगळी बोलणी करून वर्षाला सात लाखांचा तनखा घेतला आणि ते उत्तरेत निघून गेले. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर बाजीरावांना ब्रह्मावर्तात आठ लाख मिळाले, आणि चिमाजी अप्पाची रवानगी काशीला झाली.